तडजोड कपाटात नको, फाइलीत ठेवा

"बाई, दावा कुठे आहे?"

वीसेक वर्षं झाली, पण न्यायाधीशांचा तो प्रश्न अजून कानात आहे. त्यात राग नव्हता, खरंच विचारत होते ते. मी हातात अर्ज धरून उभी. शेजारी माझे पक्षकार आजोबा, त्यांच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला शंभराचा स्टॅम्प पेपर. आणि बोर्डावर आमचा दावाच नव्हता, कारण आठ महिन्यांपूर्वी आम्हीच तो काढून घेतला होता.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कोर्टात वकिली करते. तेव्हा सनद मिळून चौथं वर्ष चालू होतं. दोन सख्खे भाऊ, एक विहीर, एक मोटर. थोरल्याने, म्हणजे या आजोबांनी, वाटपाचा आणि मनाईचा दावा लावलेला. पाच वर्षं तारखा खाल्ल्यावर गावातल्या चार माणसांनी दोघांना समोरासमोर बसवलं. ठरलं असं: धाकट्याने थोरल्याला दोन लाख द्यायचे, एक लगेच आणि एक उसाच्या बिलावर. विहिरीच्या पाण्याची पाळी चार दिवस एकाची, तीन दिवस दुसऱ्याची. थोरल्याने दावा काढून घ्यायचा. स्टॅम्पवर लिहून, नोटरी करून कागद आजोबांच्या कपाटात गेला. कोर्टात आम्ही दिली ती फक्त दोन ओळींची पुरसीस, म्हणजे पक्षकारांचं लेखी निवेदन: ‘उभयतांत कोर्टाबाहेर तडजोड झाली असल्याने वादीस दावा चालवणे नाही. दावा काढून घेण्यास परवानगी असावी.’ त्यावर हुकूमही दोनच ओळींचा झाला. पुरसीस वाचली, दावा काढून घेतल्याने निकाली. कोर्टासमोरच्या हॉटेलात सगळ्यांनी चहा घेतला, पैसे धाकट्याने दिले.

पहिला लाख आला. उसाचं बिलही आलं, दुसरा लाख आला नाही. मग एके दिवशी मोटरच्या स्टार्टरच्या पेटीला कुलूप लागलं. मी तावातावाने त्याच निकाली दाव्यात अर्ज टाकला, की प्रतिवादीला तडजोडीप्रमाणे वागण्याचा हुकूम व्हावा. न्यायाधीशांनी फाइल मागवली. फाइलीत तडजोड नव्हती. हुकुमात एकही अट नव्हती. दावा संपलेला होता. "मी कोणाला आणि कशाच्या आधारावर हुकूम करू?" त्यांनी विचारलं. अर्ज फेटाळला गेला. त्यांचं बरोबर होतं, चूक माझी होती.

ती चूक आजही दर महिन्याला कोणीतरी करताना दिसतं, म्हणून हे लिहितेय. दावा मिटवायला निघालेल्या माणसासाठी, आणि घाईघाईने मिटवून आता डोक्याला हात लावून बसलेल्यासाठीही.

काढून घेणं वेगळं, तडजोड नोंदवणं वेगळं

दोन्ही गोष्टी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर २३ मध्ये शेजारी शेजारी आहेत, म्हणूनच घोटाळा होतो. नियम १ दावा काढून घेण्याचा. नियम ३ तडजोडीचा.

नियम १ खाली वादी कधीही म्हणू शकतो, मला दावा चालवायचा नाही. प्रतिवादीला त्या दाव्यात काही हक्क मिळून गेलेला नसेल तर कोर्ट सहसा अडवत नाही. पण त्याची किंमत उपनियम ४ मध्ये लिहिलेली आहे: पुन्हा दावा लावण्याची परवानगी न घेता काढून घेतला, तर त्याच विषयावर नवा दावा आणता येत नाही. शिवाय प्रतिवादीचा खर्च बसू शकतो. आणि कोर्टाच्या बाजूने बघितलं तर त्या क्षणी त्याच्यासमोरचा वाद संपतो. तुमच्या खाजगी कागदात काय लिहिलंय हे कोर्टाने वाचलेलं नसतं, मान्य केलेलं नसतं, त्यावर शिक्का मारलेला नसतो.

नियम ३ खाली मात्र उलटं होतं. पक्षकारांमध्ये कायदेशीर तडजोड झाली आहे, ती लेखी आहे आणि त्यांच्या सह्यांची आहे, अशी खात्री पटली की कोर्टाने ती नोंदवायची आणि तिच्याप्रमाणे हुकूमनामा, म्हणजे अंमलात आणता येईल असा निकालाचा कागद, करायचा. त्या दिवसापासून तुमच्या अटी या कोर्टाच्या अटी होतात. दुसरा लाख आला नाही तर नवा दावा लागत नाही, दरखास्त लागते, म्हणजे हुकूमनाम्याची अंमलबजावणी मागणारा अर्ज. दावा म्हणजे समन्स, कैफियत, मुद्दे, पुरावा, उलटतपास. दरखास्तीत यातलं बरंचसं आधीच झालेलं धरलं जातं, आणि पैशाच्या हुकूमनाम्याला दरखास्तीची मुदत १२ वर्षांची असते.

वकील मंडळी तरीही काढून घेण्याची पुरसीस का देतात? कारणं मी रोज ऐकते. एक: "तडजोडीत दाव्याबाहेरच्या गोष्टी आहेत, कोर्ट घेणार नाही." हे १९७६ च्या दुरुस्तीआधी अडचणीचं होतं. ती दुरुस्ती १ फेब्रुवारी १९७७ पासून लागू झाली, आणि तेव्हापासून नियम ३ मध्येच स्पष्ट लिहिलं आहे की तडजोडीचा विषय आणि दाव्याचा विषय एकच असायला हवा असं नाही. फक्त ती दाव्यातल्या पक्षकारांमधली हवी. म्हणजे विहिरीच्या दाव्यात उसने पैसे, ट्रॅक्टरची मालकी, देवघरातले टाक, सगळं घालता येतं. दोन: "हुकूमनामा झाला की रजिस्टर करावा लागेल, स्टॅम्प लागेल." अर्धं खरं. नोंदणी कायद्याच्या कलम १७(२)(६) प्रमाणे तडजोड हुकूमनाम्याला नोंदणी लागते ती त्यात दाव्याबाहेरची स्थावर मिळकत येत असेल तर. दाव्यातल्याच जमिनीवर तुमचा आधीपासून असलेला हक्क हुकूमनाम्याने मान्य होत असेल तर नोंदणीचा प्रश्न येत नाही. पण दाव्याच्या नावाखाली नवाच हक्क निर्माण करायचा, म्हणजे खरेदीखत चुकवायला तडजोड करायची, असा डाव असेल तर तो पुढे अंगावर येतो. १९९५ च्या भूपसिंग विरुद्ध राम सिंग मेजर या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच बजावलं आहे. तीन: "माझ्या नावावर हुकूमनामा नको." हे बहुतेक वेळा तोच पक्ष म्हणतो ज्याला पैसे द्यायचे असतात. का म्हणतो ते तुम्हीच ओळखा.

चौथं कारण कोणी उघड बोलत नाही. जेवणाच्या सुट्टीआधी विषय संपवायचा असतो, आणि दोन ओळींची पुरसीस दहा मिनिटांत लिहून होते.

पुरसीस कशी लिहावी

सर्वात आधी, कागद एकच हवा. बाहेरचा नोटरी केलेला वेगळा आणि कोर्टातला वेगळा, असं नको. सगळ्या अटी कोर्टात दिलेल्या तडजोड पुरशिशीतच हव्यात. ‘बाहेर ठरल्याप्रमाणे’ हे शब्द लिहिलेत की तुम्ही माझ्या आजोबांच्या रांगेत.

प्रत्येक अटीला चार गोष्टी: कोणी, काय, कोणत्या तारखेपर्यंत, आणि नाही केलं तर काय. चौथी गोष्ट लोक हमखास विसरतात. ‘प्रतिवादी वादीस रु. १,००,००० लवकरात लवकर देईल’ असं वाक्य दरखास्तीत काहीच उपयोगाचं नाही. त्याऐवजी मी असं लिहिते: ‘प्रतिवादीने वादीस रु. १,००,००० दि. ३१ मार्चपर्यंत वादीच्या बँक खात्यात जमा करावेत. तसे न केल्यास शिल्लक सर्व रक्कम एकदम देय होईल आणि त्या तारखेपासून द.सा.द.शे. ९ टक्के व्याजासह वादीस ती याच हुकूमनाम्याच्या दरखास्तीने वसूल करता येईल.’ व्याजाचा दर तुम्ही ठरवा, पण लिहा. खाते क्रमांकसुद्धा लिहा. रोख पैसे दिले-घेतले यावरून भांडलेले भाऊ मी मोजणं सोडून दिलंय.

जमीन असेल तर गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा, आणि शक्यतो मोजणीचा नकाशा जोडून ‘नकाशा हुकूमनाम्याचा भाग समजावा’ असं वाक्य. नकाशावरही सगळ्यांच्या सह्या. ‘पूर्वेकडची बाजू’ असं लिहून आलेली तडजोड मी बघितली आहे. त्या शेताला पूर्वेला ओढा होता आणि दोघांना ओढ्याकडेचीच बाजू हवी होती. सारा भरणाऱ्या शेतजमिनीचं वाटप असेल तर प्रत्यक्ष पाडणी संहितेच्या कलम ५४ प्रमाणे कलेक्टरमार्फत होते, तेव्हा मोजणीवाल्याला वाचून कळेल असं लिहा. आणि तुकडेबंदी कायद्यात बसत नाही असा हिस्सा पाडू नका. नियम ३ मधला ‘कायदेशीर’ हा शब्द नुसता शोभेचा नाही.

खरेदीखत किंवा हक्कसोडपत्र करून द्यायचं असेल तर तारीख, खर्च कोणाचा, आणि ‘करून न दिल्यास कोर्टामार्फत करून घेता येईल’ हे तीनही. ऑर्डर २१ नियम ३४ प्रमाणे दरखास्तीत मसुदा दाखल करता येतो. समोरचा सही करत नसेल तर त्याच्या वतीने कोर्टच दस्त करून देतं. हे कळल्यावर सही न करण्याचा हट्ट बऱ्याचदा आपोआप उतरतो.

आता सह्या. १९८८ च्या गुरप्रीत सिंग विरुद्ध चतुर्भुज गोयल या निकालानंतर तोंडी कबुलीवर तडजोड नोंदवून घेण्याचा काळ संपला. लेखी हवी, सही हवी. वकिलाला अधिकार दिला असेल तर त्याची सही चालते असं सर्वोच्च न्यायालयाने १९९१ च्या बायराम पेस्तनजी गरीवाला प्रकरणात सांगितलं, पण माझा स्वतःचा नियम असा की पक्षकार जिवंत आहे आणि हिंडता-फिरता आहे तोवर सही त्याचीच, प्रत्येक पानावर. अंगठा असेल तर त्याखाली ओळखणाऱ्याची सही. वाचून दाखवलं हे शेवटी लिहा आणि खरंच वाचून दाखवा. मी पक्षकाराला विचारते, "दुसरा हप्ता नाही आला तर काय करायचं, सांगा बघू?" उत्तर आलं नाही तर पुन्हा वाचते.

दाव्यात नसलेल्यांवर हुकूमनामा बंधनकारक होत नाही. वाटपाच्या तडजोडीत बहिणी सामील नसतील तर ती तडजोड अर्धवट आहे, मग भावांच्या कितीही सह्या असोत. त्यांना आधी पक्षकार करा. अज्ञान, म्हणजे कायद्याने सज्ञान न झालेला, मुलगा किंवा मुलगी असेल तर ऑर्डर ३२ नियम ७ प्रमाणे कोर्टाची वेगळी परवानगी घ्यावी लागते. ती न घेता केलेली तडजोड तो अज्ञान मोठा झाल्यावर उलटवू शकतो. हे मी घाईत सांगतेय, पण कृपा करून घाईत वाचू नका.

आणि पुरशिशीच्या शेवटी मागणी काय असावी? ‘दावा काढून घेण्यास परवानगी’ नव्हे. ‘सदर तडजोड नोंदवून तिच्याप्रमाणे हुकूमनामा व्हावा.’ एवढं एक वाक्य. सगळा फरक त्या वाक्याचा आहे.

हमी कोणाला देताय?

इथे थोडं थांबते, कारण पक्षकार मला सगळ्यात जास्त याच विषयावर चुकीचं ऐकून आलेले भेटतात. "तडजोड मोडली, आता त्याला कोर्टाच्या अवमानात आत टाका." इतकं सोपं नाही. तडजोडीत दोघांनी एकमेकांना दिलेला शब्द मोडणं हा आपोआप अवमान होत नाही. १९७९ मध्ये बाबूराम गुप्ता विरुद्ध सुधीर भसीन या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो फरक स्पष्ट केला: कोर्टाला दिलेली हमी वेगळी, एकमेकांशी केलेला करार वेगळा. १९७१ च्या अवमान कायद्यात कोर्टाला दिलेली हमी जाणूनबुजून मोडणं हा दिवाणी अवमान आहे. मग हमी हवी असेल तर तशी लिहा: ‘प्रतिवादी या कोर्टास हमी देतो की...’. आणि न्यायाधीशांना ती हमी स्वीकारल्याचं हुकुमात लिहायला विनंती करा. अशी हमी असेल तर हुकूमनाम्याची दरखास्त करता येते म्हणून अवमानाचा रस्ता बंद होत नाही, असं २००६ मध्ये रमा नारंग विरुद्ध रमेश नारंग या प्रकरणात ठरलं आहे.

तरी सांगते, तालुक्याचं कोर्ट स्वतः अवमानाची शिक्षा देऊ शकत नाही, प्रकरण उच्च न्यायालयात जातं, आणि एक वर्षाची मुदत असते. दोन लाखांसाठी उच्च न्यायालयाची वारी कोणाला परवडते? माझ्या कामात हमीचा खरा उपयोग पाण्याची पाळी, रस्ता अडवणं, ताब्यात ढवळाढवळ असल्या गोष्टींत झाला आहे. पैशाला दरखास्तच बरी.

अजून चालू आहे तोवरच

पुरसीस दिली पण हुकूम व्हायचाय, आणि तेवढ्यात समोरचा फिरला? घाबरू नका. काढून घेण्याचा अर्ज मागे घेण्याचा अर्ज चालतो, असं २०११ च्या राजेंद्र प्रसाद गुप्ता विरुद्ध प्रकाश चंद्र मिश्रा या निकालात स्पष्ट आहे. आणि तडजोड झालीच नाही असं एक म्हणत असेल, दुसरा झाली म्हणत असेल, तर नियम ३ च्या परंतुकाप्रमाणे ते कोर्टाने तिथेच ठरवायचं असतं, आणि त्यासाठी तारखाही उगाच द्यायच्या नसतात.

पैसे हप्त्याने येणार आहेत आणि तुम्हाला हुकूमनामाही नको, अशी स्थिती असेल तर दावा जिवंत ठेवून तारीख मागता येते. पण आजकाल जुन्या दाव्यांची यादी न्यायाधीशांच्या टेबलावर असते, तारीख मिळेलच असं नाही. दुसरा उपाय म्हणजे पुन्हा दावा लावण्याची मुभा ठेवून काढून घेणं, नियम १(३). मात्र ही मुभा मागितली की मिळते असं नाही. दाव्यात तांत्रिक दोष आहे किंवा पुरेसं कारण आहे अशी कोर्टाची खात्री व्हावी लागते, आणि २००० च्या के. एस. भूपती प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही परवानगी सहजासहजी देऊ नये असं म्हटलं आहे. मिळाली तरी नियम २ लक्षात ठेवा: मुदत मोजताना पहिला दावा लावलाच नव्हता असं धरतात. पाच वर्षं चाललेला दावा काढून घेऊन नवा लावायला गेलात तर मुदत केव्हाच टळलेली असू शकते. म्हणून मला हा रस्ता फारसा आवडत नाही.

आधीच काढून घेतला असेल तर

पहिलं काम: फाइलीची सही-शिक्क्याची नक्कल. पुरसीस, तिच्यावरचा हुकूम, आणि त्या दिवसाचा रोजनामा, म्हणजे कोर्टात काय झालं त्याची नोंद. आठवणीवर विसंबू नका. मी नक्कल बघितल्याशिवाय मत देत नाही, कारण पक्षकार म्हणतो ‘तडजोड झाली’ आणि कागदावर तीन वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात.

‘तडजोडीप्रमाणे हुकूमनामा’ असेल तर तुम्ही सुदैवी, दरखास्त लावा. सह्यांची तडजोड फाइलीत निशाणी होऊन, म्हणजे नंबर पडून, बसली आहे, हुकुमात तिचा उल्लेख आहे, पण हुकूमनामा तयार झालेला नाही, असंही दिसतं. तिथे युक्तिवादाला जागा आहे; त्याच कोर्टात हुकूमनामा तयार करण्यासाठी अर्ज करून बघण्यासारखा असतो. आणि तिसरं, आमच्यासारखं: फक्त ‘काढून घेतल्याने निकाली’. तिथे अंमलबजावणी करायला काहीच नसतं. संहितेच्या कलम १५२ खाली लेखनातली चूक दुरुस्त होते, पण हुकुमात कधी नव्हत्याच अशा अटी त्या कलमाने घुसवता येत नाहीत.

मग स्वतःला एक प्रश्न विचारा आणि खरं उत्तर द्या. फसवणूक झाली, की नुसता शब्द मोडला?

फसवणूक म्हणजे तुमची सही तुमची नव्हती, वकिलाला तुम्ही सांगितलंच नव्हतं, कोऱ्या कागदावर सही घेऊन नंतर पुरसीस लिहिली. अशा वेळी त्याच कोर्टात कलम १५१ खाली हुकूम मागे घेण्याचा अर्ज करता येतो. काढून घेतल्याचा हुकूम परत फिरवण्यासाठी संहितेत वेगळी तरतूद नाही, म्हणून न्यायासाठी कलम १५१ वापरता येतं, हे २००६ च्या जेट प्लायवूड विरुद्ध मधुकर नोवलाखा या निकालात आहे. हुकूमनामाच तडजोडीवर झाला असेल तरीही रस्ता त्याच कोर्टाकडे जातो. १९९३ च्या बनवारीलाल विरुद्ध चंदो देवी आणि २००६ च्या पुष्पादेवी भगत विरुद्ध राजिंदर सिंग या दोन निकालांनी ते पक्कं केलंय, कारण तडजोड बेकायदेशीर होती म्हणून हुकूमनामा रद्द करून मागायला वेगळा दावा नियम ३-अ प्रमाणे चालत नाही, आणि संमतीच्या हुकूमनाम्यावर कलम ९६(३) मुळे सहसा अपीलही नाही. हे न कळल्याने नवा दावा लावून दोन-तीन वर्षं घालवलेले लोक मी बघितलेत. अर्ज लगेच करा. फसवणूक आज कळली आणि अर्ज दोन वर्षांनी केला, तर मधल्या काळात काय करत होता याचं उत्तर आधी द्यावं लागतं.

नुसता शब्द मोडला असेल, म्हणजे तडजोड खरी होती, सह्या खऱ्या होत्या, फक्त समोरच्याने पाळली नाही, तर जुना दावा उकरू नका. मी उकरला, वर्ष गेलं. तुमच्या हातात आता एक नवा करार आहे. त्यावरच दावा लावा.

"पण नियम १(४) आडवा येणार नाही का? त्याच विषयावर दावा नको म्हणतो तो." हा प्रश्न समोरचा वकील नक्की काढणार. उत्तर १९७० च्या वल्लभदास विरुद्ध डॉ. मदनलाल या निकालात मिळतं. ‘विषय’ म्हणजे नुसती जमीन किंवा विहीर नव्हे; दाद मिळण्यासाठी वादीला ज्या गोष्टी सिद्ध कराव्या लागतात त्यांचा संच. जुन्या दाव्यात आम्हाला हिस्सा सिद्ध करायचा होता. नव्यात फक्त एवढं: करार झाला, मी माझ्या बाजूचं केलं, दावा काढून घेतला, त्याने त्याच्या बाजूचं केलं नाही. काढून घेतल्याचा तो दोन ओळींचा हुकूम, ज्याने आमचा घात केला, तोच इथे आमच्या बाजूचा पुरावा झाला: आम्ही शब्द पाळला याचा.

मुदत तीन वर्षांची. ठरलेली तारीख असेल तर तिच्यापासून, नसेल तर समोरच्याने नकार दिल्याचं कळल्यापासून. म्हणून आधी वकिलाची नोटीस द्या, तिचं उत्तर जपून ठेवा. ठराविक रक्कमच मागायची असेल आणि करार लेखी असेल तर ऑर्डर ३७ चा समरी दावा होतो का ते विचारा. त्यात प्रतिवादीला लढण्यासाठीच परवानगी घ्यावी लागते. खरेदीखत मागायचं असेल तर आपण आपला भाग पुरा करायला कायम तयार होतो हे लिहायला आणि सिद्ध करायला विसरू नका. १ ऑक्टोबर २०१८ पासून करार प्रत्यक्ष पाळायला लावणं ही कोर्टाच्या मर्जीची बाब राहिलेली नाही, तरी ही तयारी दाखवावीच लागते.

हप्ता चेकने दिला होता आणि चेक परत आला तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यापासून १५ दिवस समोरच्याला, आणि त्यानंतर महिन्याभरात चलनक्षम दस्तऐवज कायद्याच्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट) कलम १३८ ची फिर्याद. मूळ व्यवहाराचा चेक आणि तडजोडीचा चेक अशा दोन फिर्यादी एकाच वेळी रेटता येणार नाहीत, असं २०२१ च्या जिम्पेक्स प्रकरणात ठरलंय.

पैसे देणाऱ्यांसाठीही एक गोष्ट सांगते, कारण तेही कधी कधी माझ्याकडे येतात. हुकूमनामा झाल्यावर बाहेर पैसे दिलेत तर ऑर्डर २१ नियम २ प्रमाणे कोर्टात नोंद करून घ्या, आणि समोरचा नोंद करत नसेल तर तुम्ही ३० दिवसांच्या आत अर्ज करा. नोंद न झालेला भरणा दरखास्त चालवणारं कोर्ट धरत नाही. पावती खिशात असूनही दुसऱ्यांदा पैसे भरण्याची वेळ येऊ शकते.

लोकअदालतीचं काय?

चांगला रस्ता आहे. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम २१ प्रमाणे लोकअदालतीचा निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखाच असतो, त्यावर अपील नाही, आणि कोर्टाने पाठवलेल्या दाव्यात भरलेली कोर्ट फीही परत मिळते. पण तिथे एका दिवसात शेकडो प्रकरणं निघतात. छापील नमुन्यावर ‘आपसात मिटल्याने निकाली’ एवढंच लिहून सही मागितली तर थांबा. ती तुमच्यासाठी काढून घेण्याच्या पुरशिशीपेक्षा फार वेगळी नाही. अटी लिहिलेला स्वतःचा कागद आदल्या दिवशी तयार करून घेऊन जा आणि तो निवाड्याला जोडा.

आजोबांचा नवा दावा सव्वादोन वर्षं चालला आणि शेवटी लोकअदालतीतच मिटला. या वेळी माझ्या पुरशिशीत अकरा कलमं होती. दुसऱ्या लाखाचा डिमांड ड्राफ्ट पॅनेलसमोर हातात दिला गेला, त्याचा नंबर दुसऱ्या कलमात. पाळीचे वार सहाव्या कलमात, सोमवार सकाळी सहापासून. सातव्या कलमात लिहिलं होतं की स्टार्टरच्या पेटीच्या दोन किल्ल्या असतील, एक वादीकडे, एक प्रतिवादीकडे, आणि कुलूप दोघांच्या संमतीशिवाय बदलायचं नाही. धाकटे कुरकुरले, "वकीलबाई, किल्लीसुद्धा लिहिता का कोर्टात?" आजोबा काही बोलले नाहीत. त्यांनी हात पुढे केला, धाकट्यांनी धोतराच्या सोग्याला बांधलेली किल्ली सोडवून त्यावर ठेवली, आणि मी क्लार्कसाहेबांना तेवढी नोंद रोजनाम्यात घ्यायला लावली.